'नंबर वन'ची मोजदाद

४ एप्रिल १९६४ रोजीच्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांची जी यादी छापली, तिच्यातील पहिल्या पाचही जागांवर 'बीटल्स' या एकाच ब्रिटिश चौकडीची गाणी होती. 'कान्ट बाय मी लव्ह', 'ट्विस्ट अँड शाउट', 'शी लव्ह्ज यू', 'आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड' आणि 'प्लीज प्लीज मी' असा तो क्रम. शंभर गाण्यांच्या त्या यादीत बीटल्सची एकूण बारा गाणी होती. पॉप संगीताच्या इतिहासात हा पराक्रम दीर्घकाळ अजिंक्य मानला गेला. साठ वर्षांनी, ४ मे २०२४ च्या यादीत अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट हिने पहिल्या पाच नव्हे, तर पहिल्या चौदा जागा एकटीने व्यापल्या.

हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले, की स्विफ्ट बीटल्सच्या जवळजवळ तिप्पट लोकप्रिय ठरते. मात्र दोन्ही याद्यांचे नाव एकच असले, तरी त्या एकच गोष्ट मोजत नव्हत्या. १९६४ मध्ये यादीत येण्यासाठी प्रत्येक गाण्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका, म्हणजे 'सिंगल', बाजारात यावी लागे, ती लोकांनी पदरचे पैसे मोजून विकत घ्यावी लागे आणि रेडिओ केंद्रांनी ती वाजवावी लागे. २०२४ मध्ये मध्यरात्री संपूर्ण अल्बम इंटरनेटवर खुला झाला, की त्यातील प्रत्येक गाणे त्याच क्षणी क्रमवारीचे उमेदवार होते. चाहत्याने अल्बम सुरू करून दिला, की सगळी गाणी ओळीने मोजली जातात.

बीटल्सच्या विक्रमामागची कथा तर आणखीच गमतीची आहे. एकाच वेळी पाच सिंगल बाजारात आणण्याचा मूर्खपणा कोणतीही शहाणी कंपनी करत नाही. बीटल्सच्या बाबतीत तो घडला, कारण त्यांची ब्रिटिश कंपनी ईएमआय हिच्या अमेरिकेतील 'कॅपिटॉल' या शाखेने १९६३ मध्ये त्यांची गाणी घेण्यास नकार दिला होता. ती मग 'व्ही-जे' आणि 'स्वान' अशा लहान कंपन्यांकडे गेली आणि तेथे धूळ खात पडली. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स झळकले. सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, आणि ज्याच्या ज्याच्या कपाटात बीटल्सची एखादी ध्वनिफीत होती, त्याने ती बाजारात लोटली. ४ एप्रिलच्या यादीतील पाच गाण्यांवर कॅपिटॉल, टॉली, स्वान आणि व्ही-जे अशा चार शिक्क्यांची नावे आहेत. कॅपिटॉलच्या अधिकाऱ्यांना वेळीच चांगले ऐकू आले असते, तर हा विक्रम झालाच नसता.

पॉप संगीतातील बहुतेक विक्रमांच्या मुळाशी अशीच एखादी गोष्ट सापडते. गाणे लोकप्रिय असते, यात शंका नाही. पण ते किती लोकप्रिय, हे गाण्याइतकेच मोजणाऱ्याच्या पद्धतीवर अवलंबून असते आणि ही पद्धत गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत अनेकदा बदलली आहे.

वीस दुकाने आणि एक दूरध्वनी

ब्रिटनमधील पहिली विक्री-क्रमवारी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. साप्ताहिकाच्या जाहिरात विभागाचे पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानदारांना दूरध्वनी करून 'या आठवड्यात काय खपले' एवढेच विचारले आणि उत्तरांची बेरीज केली. यादी बारा क्रमांकांची होती, पण काही क्रमांक विभागून द्यावे लागल्याने तिच्यात पंधरा गाणी बसली. तिच्या शिरोभागी असलेले अल मार्टिनो यांचे 'हिअर इन माय हार्ट' तेथे नऊ आठवडे टिकले. त्यामुळे १९५२ या वर्षात ब्रिटनला एकच 'नंबर वन' गाणे लाभले, ही प्रश्नमंजूषांतील लाडकी नोंद. (हेच मार्टिनो पुढे 'द गॉडफादर' चित्रपटात जॉनी फाँटेन या गायकाच्या भूमिकेत दिसले.) यादीमागचा हेतू संगीतसेवेचा मुळीच नव्हता. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी साप्ताहिकाला जाहिराती द्याव्यात, हा होता.

अमेरिकेतील 'बिलबोर्ड'चा जन्म तर १८९४ मध्ये सिनसिनाटी शहरात भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्यांचे व्यवसायपत्र म्हणून झाला. नावात फलक आहे तो म्हणूनच. सर्कस, जत्रा, नाटके असे विषय हाताळत ते संगीताकडे आले आणि जुलै १९४० मध्ये त्याने ध्वनिमुद्रिकांच्या खपाची पहिली देशव्यापी यादी छापली. तिच्यात टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदाचे 'आय विल नेव्हर स्माइल अगेन' पहिले होते, गायक होता तरुण फ्रँक सिनात्रा. पन्नासच्या दशकात बिलबोर्ड वेगवेगळ्या याद्या देत असे. दुकानात काय खपले याची एक, रेडिओवर काय वाजले याची दुसरी आणि हॉटेलांतील ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून लोकांनी काय ऐकले याची तिसरी. कोणाला 'नंबर वन' म्हणायचे, याचा त्यामुळे गोंधळ उडे. ४ ऑगस्ट १९५८ रोजी खप आणि रेडिओ यांची सांगड घालणारी 'हॉट १००' ही यादी सुरू झाली. रिकी नेल्सनचे 'पुअर लिटल फूल' हे तिचे पहिले अव्वल गाणे.

येथे एका योगायोगाची नोंद करायला हवी. लंडनमध्ये ती पहिली यादी छापून आल्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. केंद्रीय नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांचा संकोच केला आणि श्रोते कोलंबोकडे वळले. अमीन सयानी यांचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती कोलंबोला जात. आरंभी ती क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजवून श्रोत्यांनी त्यांचा क्रम ओळखायचा, अशी ती बक्षीस-स्पर्धा होती. पत्रांचा पाऊस आवरेना, तेव्हा १९५४ पासून तिला क्रमवारीचे रूप आले. दुकानदारांकडील विक्रीच्या आकड्यांना देशभरातील 'श्रोता संघां'च्या पसंतीची जोड देण्यात आली, कारण नुसत्या दुकानदारावर विसंबणे धोक्याचे आहे, हे सयानींनी लवकरच ओळखले. न्यूयॉर्क आणि लंडनला ते पुरते उमगायला पुढे कित्येक वर्षे लागली.

दुकानदार सांगेल ते प्रमाण

मोजणी तोंडी असली, की तिच्यात पाणी मिसळणे सोपे असते. अमेरिकेत १९५९-६० मध्ये रेडिओ निवेदकांना पैसे चारून गाणी वाजवून घेण्याचे प्रकरण काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेले. 'रॉक अँड रोल' हा शब्द घरोघरी नेणारे निवेदक अ‍ॅलन फ्रीड त्यात उद्ध्वस्त झाले. १९६२ मध्ये त्यांना दंड झाला तो अवघा तीनशे डॉलरचा, पण कारकीर्द संपली. ब्रिटनमध्ये १९६९ पासून निवडक अडीचशे दुकानांनी नोंदवहीत विक्री टिपून टपालाने पाठवायची, अशी शिस्त आली. तीही पुरेशी नव्हती. कोणत्या दुकानांत नोंदवही आहे याचा पत्ता लागला, की कंपनीची माणसे तेथेच जाऊन आपली ध्वनिमुद्रिका विकत घेत.

१९७७ चा जून महिना तर या यादीला अजूनही चिकटून आहे. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव देशभर साजरा होत असताना 'सेक्स पिस्टल्स' या पंक गटाचे राणीची टर उडवणारे 'गॉड सेव्ह द क्वीन' धडाक्याने खपत होते. बीबीसीने ते वाजवले नाही, मोठ्या दुकानांनी ठेवले नाही. तरीही ते दुसऱ्या क्रमांकावर आले. पहिल्या क्रमांकावर रॉड स्ट्यूअर्ट राहिले. काही दुकानांत लावलेल्या यादीत दुसऱ्या क्रमांकाची जागा चक्क कोरी सोडलेली होती. आकड्यांत फेरफार झाल्याचा संशय तेव्हापासून आहे. तो कधी सिद्ध झालेला नाही.

अमेरिकेत खरा भूकंप झाला तो १९९१ मध्ये. तोपर्यंत बिलबोर्डचे कर्मचारी दुकानांत दूरध्वनी करत आणि विक्रेता आठवेल ते, क्वचित सोयीचे ते, सांगत असे. त्याला रॉक आवडत असेल, तर रॉक वर जाई. शिवाय कंपन्यांना जुने गाणे उतरवून नवे पुढे आणण्याची घाई असे. परिणामी गाणी झपाट्याने चढत आणि तितक्याच झपाट्याने पडत. १९७४ आणि १९७५ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी ३५ गाणी पहिल्या क्रमांकावर येऊन गेली. म्हणजे सरासरी दीड आठवड्याला एक राजा. मे १९९१ मध्ये अल्बमच्या यादीसाठी आणि ३० नोव्हेंबर १९९१ पासून 'हॉट १००'साठी बारकोडवरून थेट गल्ल्यावर होणारी 'साउंडस्कॅन' मोजणी आली. रेडिओवर काय वाजते, तेही यंत्र टिपू लागले.

निकाल पाहून उद्योगातील भले भले चक्रावले. विक्रेते ज्यांना कडेला ठेवत, ते संगीत प्रत्यक्षात सर्वाधिक खपत होते. जून १९९१ मध्ये 'एनडब्ल्यूए' या लॉस एंजेलिसच्या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, तर सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स यांचा 'रोपिन द विंड' थेट पहिल्या क्रमांकावर दाखल होणारा पहिला कंट्री अल्बम ठरला. कृष्णवर्णीय शहरी तरुण आणि ग्रामीण गोरा श्रोता हे दोघेही रांगेत आधीपासूनच होते. त्यांना कोणी मोजत नव्हते, इतकेच.

आणखी एक गोष्ट उघड झाली. लोकांना आवडलेले गाणे ते सांगितले जाई तितक्या लवकर सोडत नाहीत. एल्विस प्रेस्लीच्या 'डोन्ट बी क्रुएल' आणि 'हाउंड डॉग' या जोडमुद्रिकेने १९५६ मध्ये ११ आठवड्यांचा जो विक्रम केला, तो ३६ वर्षे टिकला होता. नवी मोजणी येताच १९९२ मध्ये 'बॉइज टू मेन' गटाचे 'एंड ऑफ द रोड' १३ आठवडे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिटनी ह्यूस्टनचे 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' आले आणि १४ आठवडे हलले नाही. १९९४ मध्ये बॉइज टू मेनने पुन्हा १४ आठवडे गाठले. १९९५-९६ मध्ये मराया कॅरी आणि बॉइज टू मेन यांच्या 'वन स्वीट डे'ने १६ आठवडे पूर्ण केले. चार वर्षांत तीन वेळा शिखर हलले. या काळात अमेरिकन श्रोता अचानक एकनिष्ठ झाला, असे मानण्याचे कारण नाही. २००२ मध्ये तर पहिल्या क्रमांकावर नव्याने आलेली गाणी होती फक्त सात.

थेट पहिल्या क्रमांकावर दाखल होण्याचा मान याच नव्या मोजणीतला. मायकेल जॅक्सनचे 'यू आर नॉट अलोन' २ सप्टेंबर १९९५ च्या यादीत सरळ शिखरावर उतरले. हॉट १०० च्या इतिहासातील तो पहिलाच प्रसंग. त्यापूर्वी ३७ वर्षांत हे कोणालाही, अगदी बीटल्सनाही, जमले नव्हते.

मोजणीबाहेरची गाणी

विक्रमांच्या पुस्तकात जी गाणी सापडत नाहीत, त्यांची हकिगत अधिक बोलकी आहे. १९९६-९७ मध्ये 'नो डाउट' गटाचे 'डोन्ट स्पीक' अमेरिकन रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिले होते. हॉट १०० मध्ये मात्र ते एकदाही आले नाही. कंपनीने त्याचा सिंगल काढलाच नव्हता. एका गाण्यासाठी ग्राहकाने पूर्ण अल्बमची किंमत मोजावी, हा त्यामागचा हिशेब. ज्याचा सिंगल नाही ते गाणे यादीस अपात्र, असा बिलबोर्डचा नियम होता. देशात सर्वाधिक वाजणारे गाणे देशाच्या यादीत नसावे, हे हास्यास्पद होते. अखेर ५ डिसेंबर १९९८ पासून तो नियम मोडीत निघाला. 'डोन्ट स्पीक'ला त्याचा उपयोग नव्हता.

दक्षिण कोरियाचा गायक साय याचे 'गंगनम स्टाइल' २०१२ च्या उत्तरार्धात पृथ्वीतलावर कोठे वाजत नव्हते, असे ठिकाण शोधावे लागले असते. आपल्याकडील गणेशोत्सव आणि वरातीही त्यातून सुटल्या नाहीत. त्या वर्षी २१ डिसेंबरला यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिली गेलेली ती पहिली चित्रफीत ठरली. अमेरिकेच्या यादीत मात्र ते सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडले. वर 'मरून फाइव्ह'चे 'वन मोअर नाइट' होते आणि यूट्यूबवरील दर्शन मोजण्यात धरले जात नव्हते. फेब्रुवारी २०१३ मध्ये बिलबोर्डने ते धरायला सुरुवात केली. पहिला लाभार्थी 'हार्लेम शेक' हे गाणे होते, ज्यावर लोकांनी स्वतःच हजारो विनोदी चित्रफिती बनवल्या होत्या. नियम बदलल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते थेट पहिल्या क्रमांकावर आले. सायला एक सांत्वन मिळाले, तेही विचित्र. यूट्यूबचा दर्शनमापक २,१४,७४,८३,६४७ या आकड्यापर्यंतच मोजू शकत असे. 'गंगनम स्टाइल' तो ओलांडणार, हे दिसताच २०१४ मध्ये मापकच बदलावा लागला.

कधी मोजणी होते, पण रकाना कोणता, यावर वाद पेटतो. अटलांटाच्या लिल नास एक्स या कृष्णवर्णीय तरुणाने इंटरनेटवरून तीस डॉलरला विकत घेतलेल्या धूनवर 'ओल्ड टाउन रोड' हे दोन मिनिटांचेही नसलेले गाणे केले. मार्च २०१९ मध्ये ते कंट्री संगीताच्या यादीत शिरले आणि बिलबोर्डने ते काढून टाकले. आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे गुण त्यात नाहीत, हे कारण देण्यात आले. घोडा, टोपी, बूट हे सगळे असताना कमी काय पडले, असा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर म्हणून अनेकांनी गायकाच्या वर्णाकडे बोट दाखवले. मग कंट्री गायक बिली रे सायरस याच गाण्याच्या नव्या आवृत्तीत सामील झाला. सर्वसाधारण हॉट १०० मध्ये 'ओल्ड टाउन रोड' सलग १९ आठवडे पहिले राहिले आणि 'वन स्वीट डे'चा १६ आठवड्यांचा विक्रम मोडला गेला. २०१७ मध्ये 'देस्पासितो' या स्पॅनिश गाण्याने तो केवळ गाठला होता. येथेही नियमाची मदत होतीच. गाण्याच्या लागोपाठ आलेल्या अनेक आवृत्त्यांचे ऐकणे एकाच खात्यात जमा होत होते. २०२४ मध्ये शबूझी या नायजेरियन आई-वडिलांच्या अमेरिकन गायकाचे 'अ बार साँग' हेही १९ आठवडे पहिले राहिले. ते कंट्रीच्या यादीतही पहिले होते, आणि यावेळी कोणी काढले नाही.

लखनौ, मद्रास, पाचगणी, सांगली

ब्रिटिश यादीचे जुने विक्रम चाळताना भारतीय वाचकाला ओळखीची गावे भेटतात. क्लिफ रिचर्ड यांचा जन्म १९४० मध्ये लखनौचा. १९५९ चे 'लिव्हिंग डॉल' ते १९९९ चे 'मिलेनियम प्रेअर', अशा सलग पाच दशकांत पहिल्या क्रमांकाचे गाणे देण्याची त्यांची कामगिरी असामान्य आहे. शेवटचे गाणे तर बहुतेक रेडिओ केंद्रांनी वाजवायचेही नाकारले होते. मद्रासमध्ये जन्मलेल्या एंगलबर्ट हंपर्डिंक यांच्या 'रिलीज मी'ने १९६७ मध्ये बीटल्सच्या 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या जोडमुद्रिकेला दुसऱ्या क्रमांकावर रोखले. बीटल्सची अव्वल सिंगलांची मालिका तेथे खंडित झाली. 'रिलीज मी' ब्रिटनच्या यादीत सलग ५६ आठवडे होते.

महाराष्ट्राचा धागा 'क्वीन' गटाच्या 'बोहेमियन रॅप्सडी'शी आहे. फारोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला गट त्या शाळेतलाच. जवळजवळ सहा मिनिटांचे हे गाणे रेडिओ वाजवणार नाही, अशी भीती घातली जात असताना १९७५ च्या अखेरीस ते नऊ आठवडे पहिले राहिले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी गेला आणि त्याच नाताळात ते पुन्हा शिखरावर आले. एकाच ध्वनिमुद्रणाने दोनदा नाताळचा 'नंबर वन' होण्याची ती पहिली वेळ. १९७६ च्या आरंभी त्याला खाली खेचणारे गाणे 'अ‍ॅबा'चे 'मामा मिया' होते, आणि तेच दोन शब्द रॅप्सडीच्या मध्यावरही आहेत, हा पॉपप्रेमींचा आवडता योगायोग.

फेब्रुवारी १९९८ मध्ये 'कॉर्नरशॉप' या गटाचे 'ब्रिमफुल ऑफ आशा' ब्रिटनमध्ये पहिले झाले. त्यातील आशा म्हणजे सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले. आदल्या वर्षी हेच गाणे साठाव्या क्रमांकापलीकडे गेले नव्हते. नॉर्मन कुक यांनी त्याची गती वाढवली आणि नशीब पालटले.

एकूण खपाचे विक्रम हा वेगळाच प्रांत. ब्रिटनमध्ये एल्टन जॉन यांचे 'कँडल इन द विंड १९९७' सुमारे ४९ लाख प्रतींसह सर्वांत वर आहे. राजकुमारी डायनाच्या अंत्यविधीत गायलेल्या या गाण्याची जागा मोजदादीच्या कोणत्याही पद्धतीने डळमळत नाही. बिंग क्रॉस्बी यांच्या १९४२ च्या 'व्हाइट ख्रिसमस'च्या पाच कोटी प्रती खपल्याचा गिनेस बुकातील आकडा मात्र अंदाज आहे. त्या काळच्या पावत्या कोणी जपल्या नाहीत.

ऐकणे हीच विक्री

ब्रिटनने २००५ मध्ये डाउनलोड आणि २०१४ मध्ये इंटरनेटवरील श्रवण, म्हणजे स्ट्रीमिंग, मोजणीत घेतले. तेव्हा शंभर वेळा ऐकणे म्हणजे एक विक्री, असे गणित होते. त्याचा स्फोट मार्च २०१७ मध्ये झाला. एड शीरनचा 'डिव्हाइड' अल्बम आला आणि त्यातील सर्वच्या सर्व सोळा गाणी पहिल्या वीसमध्ये जाऊन बसली, पहिल्या दहात नऊ. नव्या गायकांना यादीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. काही महिन्यांतच नियम झाला, की एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी यादीत धरायची. शिवाय दहा आठवडे उलटून उतरणीला लागलेल्या गाण्याचे श्रवण निम्म्या वजनाने मोजायचे. स्विफ्टच्या चौदा जागांचा विक्रम अमेरिकेत होऊ शकला, लंडनमध्ये तो नियमानेच अशक्य आहे. यातील योग्य कोण, यावर मतभेद होतील. अमेरिकन यादी लोकांनी काय ऐकले ते सांगते, ब्रिटिश यादी नव्या गाण्याला संधी देते. दोन्ही कामे एका यादीने करावीत, ही अपेक्षाच फोल आहे.

निम्म्या वजनाच्या या नियमाला २०२२ मध्ये एक अपवाद करावा लागला. केट बुश यांचे १९८५ चे 'रनिंग अप दॅट हिल' 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे नव्या पिढीने उचलले. जुने म्हणून त्याचे श्रवण निम्मेच धरले जात होते. ब्रिटिश यादीच्या व्यवस्थापकांनी त्याला नव्या गाण्याचा दर्जा दिला आणि जूनमध्ये, ३७ वर्षांनी, ते प्रथमच पहिल्या क्रमांकावर आले.

विक्रीच्या काळात माणूस एक ध्वनिमुद्रिका एकदाच विकत घेई, पुढे ती त्याने हजार वेळा वाजवली तरी मोजणीत नसे. श्रवणाच्या मोजणीत दरवर्षीचे प्रत्येक वाजवणे जमा होते, आणि म्हणून नाताळची जुनी गाणी डिसेंबरात थव्याने परततात. 'व्हॅम'चे 'लास्ट ख्रिसमस' १९८४ मध्ये 'बँड एड'च्या मदतगीतामुळे दुसरे राहिले होते. जॉर्ज मायकेल दोन्हीत गायला होता, म्हणजे त्याने स्वतःलाच अडवले. ते पहिले झाले १ जानेवारी २०२१ रोजी. तोवर जॉर्जच्या मृत्यूला चार वर्षे झाली होती, तीही बरोबर नाताळच्या दिवशीची. मराया कॅरीचे १९९४ चे 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' सिंगल नसल्याने सुरुवातीला हॉट १०० ला अपात्र होते. ते २०१९ च्या डिसेंबरात प्रथम अव्वल आले आणि २०२४ च्या हंगामाअखेर त्याचे पहिल्या क्रमांकावरील एकूण आठवडे अठरा झाले.

ब्रेंडा ली या गायिकेने 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' ध्वनिमुद्रित केले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ते साल १९५८, हॉट १०० सुरू झाली तेच. १९६० मध्ये ते चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि थांबले. डिसेंबर २०२३ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर आले, तेव्हा ब्रेंडा ली यांच्या एकोणऐंशीव्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले होते. नाताळ सरताच, जानेवारीच्या यादीतून ते नेहमीप्रमाणे नाहीसे झाले.